न चढणारी बियर

भागवत शेजूळचं वजन एकशे चार किलो भरलं आणि क्रेनच्या शिडीचं फाटक उघडलंच नाही.

फाटक नवंच होतं, गेल्या आठवड्यात बसवलेलं. जालन्याच्या एमआयडीसीतला सळईचा कारखाना. शिडीच्या पायाशी एक पत्र्याची पाटी. पाटीवर उभं राहायचं, वजन नव्वदच्या आत असलं की हिरवा दिवा, नसलं की लाल. वर छताला चिकटून केबिन, आणि त्या केबिनमधून वितळलेल्या लोखंडाच्या बादल्या उचलायच्या. बावीस वर्षं भागवतनं हेच केलं होतं. एक थेंब सांडला नव्हता त्याच्या हातून. आणि आता एक पत्रा त्याला सगळ्यांच्या देखत सांगत होता, तू जाड आहेस.

"सहा महिने सूट देतो," सुपरवायझर म्हणाला. "तोवर मी हातानं फाटक उघडीन. नंतर मात्र खाली सळया बांधायला बसायचं."

"बावीस वर्षं ही शिडी मोडली का माझ्यानं?"

"मला कशाला विचारता? पाटीला विचारा."

भागवतनं पाटीला लाथ घातली. पाटीनं लाथेचं वजन दाखवलं, एकोणीस किलो.

मग सुरू झालं ते उपाशी मरणं. मोबाईलमधल्या आहारवाल्या बाईनं त्याची भाकरी काढून घेतली, भात काढून घेतला, बटाटा, साखर, पोहे, सगळं. ठेवलं काय? अंडी, पनीर, मटण, मेथी. मटण ऐकायला बरं वाटतं. भाकरीशिवाय मटण खाऊन बघा चार दिवस, रस्सा कशाला लावायचा हेच कळत नाही. भागवत एकटाच राहायचा. रोज संध्याकाळी भांड्यातून चमच्यानं रस्सा पीत बसायचा, टीव्हीकडे तोंड करून, आणि त्याला त्या बाईचा भयंकर राग यायचा.

सहा दिवस तो हे पाळायचा. सातवा दिवस शनिवार.

शनिवारी पहिली पाळी तीनला सुटायची आणि सव्वातीनला भागवत आणि दिलीप मगरे 'संगम' बारमध्ये बसलेले असायचे. दिलीप भट्टीवरचा माणूस. भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे तो सतत कशाचं तरी नवल करतोय असं वाटायचं. त्याची बायको वारली होती. भागवतची सहा वर्षांपूर्वी परभणीला भावाकडे निघून गेली होती. दोघांना मिळून जगात एक कूलरशेजारचं टेबल होतं. चार चार बाटल्या स्ट्राँग बियर, शेंगदाणे, उकडलेली अंडी. आणि एक नियम, कुणी केलेला नाही पण सगळा कारखाना पाळायचा. घरचं बोलायचं ते दुसऱ्या बाटलीनंतर. त्याच्या आधी क्रिकेट, भट्टी, सुपरवायझरच्या आईबापाचा उद्धार. आणि बाहेर, शुद्धीत, उजेडात, घरचं कधीच नाही. शुद्धीत घरचं बोलणारा माणूस म्हणजे रडका.

आता एक बाटली म्हणजे जवळजवळ एक भाकरी. चार बाटल्या म्हणजे चार भाकऱ्या. आठवडाभर मेथी चावून उतरवलेला किलो शनिवारी तीन तासांत परत चढायचा. सोमवारी पाटीवर एकशे चार. पुन्हा एकशे चार.

"बियर सोडा मग," कारखान्याच्या दवाखान्यातली डॉक्टर झंवर म्हणाली. तिशीची होती, भागवतला काका म्हणायची. त्याला ते आवडायचं नाही.

"ते सोडून बोला."

"का पण?"

भागवत तिला काय सांगणार? की क्रेन गेली तर मी सळया बांधीन, त्यानं काही मरत नाही. पण शनिवार गेला तर आठवड्यात माझ्याशी बोलायला एकही माणूस उरत नाही. केबिनमध्ये आठ तास एकटा, घरी सोळा तास एकटा. असलं दवाखान्यात बोलतात का?

"चवीची सवय आहे," तो म्हणाला.

डॉक्टर हसली. "नुसती चवच पाहिजे ना? मग एक आहे."

तिनं फ्रीजमधून पुड्यांचा डबा काढला आणि समजावून सांगितलं. आणि बाई चांगलं सांगायची, हे मान्य करावं लागेल.

"काका, बियरचा त्रास दोन बाजूंनी असतो. एक, त्यातले कार्ब्स, जवाच्या माल्टचे. ते तर तुम्हाला माहीत आहेत. दुसरी बाजू दारूची. दारू रक्तात आली की लिव्हर हातातलं सगळं काम टाकतं आणि आधी तिच्यामागे लागतं, कारण शरीराच्या दृष्टीनं ते विष. तोवर चरबी जाळायचं काम बंद. म्हणजे तुम्ही भाकरी सोडून जी भट्टी पेटवली, ती चार बाटल्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत विझते. कळलं?"

भट्टी म्हटल्यावर भागवतला कळलं.

"ह्या पुडीत जिवाणू आहेत. दह्यातल्यांचे चुलतभाऊ समजा. प्रयोगशाळेत त्यांना दोन कामं शिकवलीत. ते लहान आतड्याला चिकटून बसतात. वरून पिठूळ, गोड काहीही आलं की त्याचे धागे विणतात, कोंड्यासारखे. शरीराला ते पचत नाहीत, आले तसे निघून जातात. आणि दारू आली की रक्तात शिरायच्या आत तिचं पाणी करून टाकतात. थोडी, पाचातला एखादा भाग, जठरातूनच रक्तात जाते, तिला इलाज नाही. बाकी सगळं ते खातात."

"म्हणजे बियर प्यायची?"

"प्या. भाकरीही खा दोन. चव सगळी येईल. चढणार नाही फक्त."

"चढायचं काय घेऊन बसलात," भागवत म्हणाला. "आम्ही काय चढायला पितो का?"

हे तो मनापासून म्हणाला. पिणारा प्रत्येक माणूस हे मनापासूनच म्हणतो.

पहिल्या शनिवारी भागवत आनंदात होता. थंडगार बाटली, तोच कडवटपणा, तोच ढेकर. दुसरी बाटली. तिसरी. दिलीप सैल झाला, खुर्चीत खाली घसरला, आणि हसायला लागला. भागवत वाट बघत होता. त्याच्या डोक्यात काहीच होत नव्हतं. तीन बाटल्या पिऊन तो लग्नात वाढप्याची वाट बघत बसलेल्या माणसासारखा ताठ बसला होता.

आणि त्याला दिसायला लागलं. संगमच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटलाय. कूलरमध्ये पाणी नाही, नुसता पंखा फिरतोय, कदाचित वर्षानुवर्षं. दिलीप अंड्याचा पिवळा भाग खाली टाकतो आणि चपलेनं सरकवतो. दिलीपनं सुपरवायझरचा किस्सा सांगितला. भागवत हसला. वीस मिनिटांनी दिलीपनं तोच किस्सा सांगितला. भागवत परत हसला, पण ह्यावेळी हसायला तोंड उघडावं लागलं. तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं. सव्वापाच. आजवर शनिवारी सव्वापाच कधी वाजलेच नव्हते, तीनचे एकदम सात व्हायचे.

"लेका, तू आज गप्प का?" दिलीपनं विचारलं.

"नाही रे. चढलीय," भागवत म्हणाला आणि जीभ जरा जड करून बोलायला लागला.

हे असं जुळवत बसणं. समोरचा किती हलतोय बघायचं आणि तेवढंच हलायचं. इतकं एकटं त्याला केबिनमध्येही वाटलं नव्हतं. तिथं निदान नाटक करावं लागत नाही.

सोमवारी पाटीवर एकशे दोन. पुढच्या सोमवारी शंभर. सुपरवायझरनं टाळी दिली. भागवतनं ठरवलं, दिलीपला पुड्यांचं सांगायचं नाही. सांगितलं तर तो हात आखडणार, आणि मग शनिवार कसला?

पहिले दोन शनिवार भागवत कंटाळून तिसऱ्या बाटलीनंतरच उठला होता. तिसऱ्या शनिवारी तो बसून राहिला आणि दिलीप जास्त प्यायला. चौथी बाटली अर्धी झाली आणि त्यानं भागवतचा हात धरला. त्याच्या बिनभुवयांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तू गेला नाहीस ना, भागवत."

"कुठं?"

"परभणीला. वहिनी बसली होती रे स्टँडवर. सकाळपासून. बॅग घेऊन."

भागवतची जड केलेली जीभ आपोआप हलकी झाली. "कोण बसली होती?"

"उज्ज्वला वहिनी! काय लेका दर वेळी कोण म्हणतोस." दिलीपनं नाक पुसलं. "तू तिचा नंबर बंद करून ठेवला होतास. मग तिनं मला फोन केला. शनिवारीच. म्हणाली, दिलीपभाऊजी, त्यांना सांगा, उद्या घ्यायला या, मी काही न बोलता येते. मी तुला त्याच दिवशी सांगितलं. इथंच. ह्याच टेबलावर. तू रडलास. म्हणालास, उद्या पहिल्या गाडीनं जातो."

"कधीची गोष्ट ही?"

"ती गेली त्याच वर्षीची. दोन महिन्यांनी." दिलीप आता खरोखर रडत होता. "पाच वाजेपर्यंत बसली रे, तिचा भाऊ सांगत होता. तू गेला नाहीस."

भागवतनं मान वळवली. बबनकाका, संगमचा म्हातारा वेटर, फडकं खांद्यावर टाकून पाण्याचा जग घेऊन उभाच होता. जणू काही त्याला बोलावलंच होतं.

"घ्या भागवतराव, तोंड धुवा."

"मी कुठं मागितलं पाणी?"

"मागता की आत्ता. हे झालं की तुम्ही रडता, मी जग आणतो, तुम्ही तोंड धुता आणि म्हणता, काका, उद्या पहिल्या गाडीनं जातो." बबनकाकानं जग टेबलावर ठेवला. त्याला भागवत आज रडत नाही ह्याचंच नवल वाटलं. "आज बरं नाही का?"

"हे नेहमी होतं?"

"शनिवारी होतं."

दारूचं एक तंत्र आहे. डॉक्टर झंवरनं नंतर भागवतला सांगितलं ते असं. दारू भराभर चढली की मेंदूतला आठवण साठवणारा भाग सगळ्यांत आधी बंद पडतो. बाकीचा मेंदू चालू असतो. माणूस बोलतो, रडतो, शपथा घेतो, घरी चालत जातो, कुलूप उघडतो. फक्त काहीही साठत नाही. सकाळी तो आठवायला जातो तेव्हा आठवण पुसलेली नसते, ती तयारच झालेली नसते. सहा वर्षं दर शनिवारी भागवतला ही बातमी नव्यानं कळत होती, नव्यानं त्याचं काळीज फाटत होतं, आणि रविवारी सकाळी तो डोकं धरून उठायचा, चहा करायचा आणि म्हणायचा, मजा आली काल.

ह्या रविवारी तो उठला आणि सगळं आठवत होतं.

तो तडक दिलीपच्या खोलीवर गेला. दिलीप नळाखाली कपडे धूत होता, बनियनवर.

"उज्ज्वलाचा फोन आला होता तुला?"

दिलीपनं इकडंतिकडं बघितलं. शेजारची बाई पापड वाळत घालत होती. "आता काय ते? सकाळी सकाळी?"

"आला होता का नाही?"

"भागवत, शनिवारी बोलू."

"शनिवारी नाही! आत्ता! सहा वर्षं शनिवारीच बोलतोयस ना, हरामखोरा! एकदा तरी सोमवारी सांगायचंस! क्रेनखाली उभा राहून ओरडून सांगायचंस!"

पापडवाली आत गेली. दिलीपनं हातातला शर्ट पिळला, उगाच परत पिळला.

"मला काय माहीत तुला आठवत नाही?" तो हळू म्हणाला. "पहिल्या वेळी तू म्हणालास जातो. सोमवारी तू शीळ घालत शिडी चढलास. मी खालून बघत होतो. मी म्हटलं, गेला नाही, त्याला जायचं नसेल. विचारायचं कसं? शुद्धीत विचारतो का आपण असलं? मग शनिवारी परत विषय निघाला, तू परत रडलास, सोमवारी परत शीळ. मी काय समजू रे? मी समजलो, ह्याला दुखतंय, पण हा येडा जात नाही. जाऊ दे. रडायला तरी येतो माझ्यापाशी."

भागवतला त्याच्या कानाखाली मारायची होती. हात उचललाही. पण दिलीपच्या तोंडावर ते कायमचं नवल होतं, आणि असल्या तोंडावर मारता येत नाही. तो परत फिरला.

सोमवारी रजा टाकून तो परभणीला गेला. आता गाड्या बॅटरीवरच्या, आवाज नसलेल्या. तीन तास शांततेत बसून स्वतःचंच डोकं ऐकावं लागलं. उज्ज्वला वसतिगृहातल्या मुलांची मेस चालवते हे त्याला मेव्हण्याच्या घरच्या शेजाऱ्यानं सांगितलं. जवळच होती.

ती पत्र्याच्या शेडमध्ये पिठाच्या परातीमागे उभी होती. केस पांढरे झालेले, रंगवलेले नव्हते. त्याला पाहून तिचे हात थांबले, मग चालायला लागले.

"बारीक झालात," ती म्हणाली.

"हो. थोडा."

"बसा. ताट लावते."

तिनं ताट लावलं. दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, कांदा. समोर बाकावर बसली. तो खायला लागला. पहिला घास आणि त्याला आठवलं, ह्या भाकरीतलं काही अंगाला लागायचं नाही, आतमध्ये ते लोक बसलेत धागे विणत. तरी त्यानं खाल्लं.

"उज्ज्वला, तू स्टँडवर बसली होतीस."

तिनं बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडलं.

"मला परवा कळलं."

तिनं मान वर केली. "परवा?"

"परवाच्या शनिवारी."

"म्हणजे निरोप पोचलाच नव्हता तुम्हाला?" आणि तिच्या तोंडावर काहीतरी सुटलं, सहा वर्षं आवळून धरलेलं. ती एकदम दहा वर्षांनी लहान दिसली. "दिलीपभाऊजींनी सांगितलंच नव्हतं?"

भागवतचा घास हातातच राहिला. एक शब्द. नव्हतं. एवढं म्हटलं की झालं. दोष दिलीपचा, आणि दिलीप काय परभणीला येऊन खुलासा करणार होता? ती सगळी सहा वर्षं दिलीपच्या खात्यावर टाकून बॅग भरेल, त्याला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं ते. नशेत असता तर त्यानं म्हटलंही असतं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्याच दिवशी सांगितलं. नंतरही दर शनिवारी सांगितलं. मी प्यायलेला असायचो. मला सकाळी आठवायचं नाही."

तिच्या तोंडावरचं ते जे सुटलं होतं ते परत आवळलं. तो बघत राहिला. बघण्यासारखं नव्हतं, पण नजर काढता येईना.

"दर शनिवारी," ती म्हणाली.

"हो."

"मग ह्या शनिवारी बरं आठवलं? सोडली का?"

त्यानं सगळं सांगितलं. पाटी, झंवर डॉक्टर, पुड्या, जिवाणू. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे बियर पिता."

"पितो. चढत नाही."

"मग पिता कशाला?"

तीन शनिवार तो हेच शोधत होता.

"म्हणजे तुम्ही नाही आलात," ती सावकाश म्हणाली, स्वतःलाच समजावत असल्यासारखी. "त्यांनी आणलं तुम्हाला. त्या किड्यांनी."

बाहेर मुलांचा गलका आला, जेवणाची वेळ झाली होती. ती उठली, पदर खोचला. दोन पावलं गेली आणि पाठमोरीच थांबली.

"मी येणार नाही जालन्याला. ते डोक्यातून काढा." मग म्हणाली, "शनिवारी दुपारी इथं शंभर ताटं असतात. वाढायला माणूस मिळत नाही. यायचं असेल तर या. स्वतःच्या पायानं."

"शनिवारी?"

"बाकीचे दिवस माझं मी भागवते."

मुलं आत घुसली. तो ताट उचलून मोरीवर ठेवून बाहेर पडला. शनिवारची सुट्टी मागावी लागेल. सुपरवायझर देईल, वजन उतरतंय म्हणून खूश आहे. प्रश्न सुट्टीचा नव्हताच. स्टँडवर जालन्याची गाडी लागायला वेळ होता. त्यानं दिलीपला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"गेला होतास?" दिलीपनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"ह्या शनिवारी मला इकडं यायचंय."

पलीकडं भट्टीचा आवाज होता, कुणीतरी पत्रा ओढत नेल्याचा आवाज होता.

"बरं," दिलीप म्हणाला. "मग त्याच्या पुढच्या शनिवारी?"

"पुढच्याही."

"अच्छा." परत तो पत्रा ओढल्याचा आवाज. "नाही, चांगलंच आहे. मी बसेन की. बबनकाका असतोच." मग एकदम, आवाज बदलून, "भागवत, मग मी कुणाशी बोलू रे?"

गाडी आवाज न करता फलाटाला लागली. लोक चढायला लागले.

"आत्ता बोल," भागवत म्हणाला.

"आत्ता? असंच?"

"असंच. मी ऐकतोय."

भागवत कानाला फोन लावून उभा राहिला. दिलीपचा श्वास ऐकू येत होता. तो बोलायला तोंड उघडत होता आणि मिटत होता, हेही ऐकू येत होतं. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. दार बंद झालं, गाडी निघून गेली. भागवत जागचा हलला नाही.

शेवटी दिलीपनं घसा साफ केला.

"जेवलास का?" त्यानं विचारलं.